कोणाचं नाव लिहू

एलएल.एम.च्या वर्गात मी पहिल्या दिवशी शिरले तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मीच शिकवायला आले. मी घाईघाईने शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तशी ती एकमेकांकडे बघत खाली बसली. मग खरे शिक्षक आले तेव्हा मात्र कोणीच उठलं नाही.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन बाहेर पडले. नोकरी करता करता तिशीत संध्याकाळच्या कॉलेजातून एलएल.बी. केलं होतं, पण वकिली करायची राहिली. आधी वडील आजारी, मग आई. लग्नही त्याच सुमारास राहून गेलं. राहून गेलं म्हणजे कोणी अडवलं नाही, आणि मीही फारसं मनावर घेतलं नाही. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि मी, दोघीच होतो. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी आई गेली. झोपेतच गेली, कोणाला काही करावं लागलं नाही. सगळे म्हणाले, भाग्यवान. मलाही तसंच वाटलं.

निवृत्तीनंतर पहिले काही महिने मी घर आवरत होते. दोन खोल्यांचं घर किती आवरणार! एके दिवशी दुपारी मी शेजारच्या मुलीशी जिन्यात बोलले तेव्हा माझा आवाज बसल्यासारखा आला, आणि लक्षात आलं की सकाळपासून मी तोंडच उघडलेलं नाही. सर्दी वगैरे काही नव्हती. त्याच आठवड्यात मी प्रवेश परीक्षेची चौकशी करायला गेले.

पहिलं वर्ष बरं गेलं. तास असायचे, गडबड असायची. मुलं मला मॅडम म्हणत, वर्गाच्या ग्रुपवर मी विचारलेल्या शंकांखाली अंगठ्याचं चिन्ह टाकत, आणि परीक्षेआधी माझ्या टिपणांचे फोटो काढून नेत. ती वाईट नव्हती. तास संपला की ती चहाला जात आणि मी घरी येत असे, एवढंच. दुसऱ्या वर्षी प्रबंध सुरू झाला आणि तासही बंद झाले. आता प्रत्येकाने आपापला विषय घ्यायचा, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली लिहायचं, पूर्ण करून द्यायचं. मुलं पांगली. कोणी वकिलांच्या ऑफिसात उमेदवारी करू लागलं, कोणी न्यायाधीशाच्या परीक्षेच्या क्लासला गेलं. मी आणि लायब्ररी उरलो.

मला जे मार्गदर्शक मिळाले ते माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी तरी लहान होते. बारीक अंगाचे, सतत घाईत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी त्यांना सर म्हणे, ते मला मॅडम म्हणत. त्यामुळे बाहेरच्या माणसाला कोण कोणाला शिकवतंय ते कळत नसे. पहिल्या भेटीत मी त्यांना विषय सांगितला. सहकारी गृहनिर्माण संस्था आणि त्यांतले वाद. आमच्याच इमारतीत इतके वाद होते की बाहेर जावं लागलं नसतं.

सर म्हणाले, “मॅडम, या विषयावर आपल्या लायब्ररीत इतके प्रबंध आहेत की त्यांचीच एक सोसायटी रजिस्टर करता येईल.”

“मग दुसरा काय घेऊ?”

त्यांनी खिडकीबाहेर बघत जरा विचार केला. “लिव्हिंग विल घ्या. जिवंतपणी केलेलं वैद्यकीय इच्छापत्र. कायदा नवा आहे, काम कमी झालंय.”

“पण मला त्यातलं काही माहीत नाही.”

“ते बरंच आहे. आणि दुसरं म्हणजे, म्हातारी माणसं तुमच्याशी बोलतील. या पोरांना कोण दारात उभं करणार?”

म्हणजे माझं वयच माझी पात्रता ठरलं. जरा टोचलं, पण खोटं नव्हतं.

विषय थोडक्यात सांगायचा तर असा. आपण शुद्धीवर असताना, धडधाकट असताना लिहून ठेवायचं, की पुढे कधी बरं होण्याची आशाच उरली नाही आणि मला बोलता येत नसलं, तर नुसता श्वास चालू ठेवण्यासाठी मला यंत्रांवर ठेवू नका. आपल्याकडे यावर वेगळा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम आहेत, ते आधी फार किचकट होते, पुढे सोपे केले. दोन साक्षीदार लागतात. नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सह्या लागतात. आणि त्या कागदात एका तरी माणसाचं नाव लिहावं लागतं, जो वेळ आल्यावर तुमच्या वतीने डॉक्टरांना ‘थांबा’ म्हणेल.

मी कामाला लागले. सकाळी डबा घेऊन लायब्ररीत जायचं, निकाल वाचायचे, टिपणं काढायची, दुपारी मागच्या जिन्यावर बसून डबा खायचा. प्रबंध इंग्रजीत लिहायचा होता. मी विचार मराठीत करायची आणि एकेक वाक्य इंग्रजीत उतरवायची, त्यामुळे लिहिलेलं वाचताना ते दुसऱ्याच कोणा बाईने लिहिल्यासारखं वाटे. एखादं प्रकरण झालं की सरांना मेल करायचं. ते आठवड्याभरात फाइल परत पाठवत, आणि समासात त्यांचे शेरे असत. शेरे मात्र मराठीत. ‘कोण म्हणतं?’ ‘संदर्भ?’ ‘हे वाक्य न्यायालयाचं की तुमचं?’ ‘तीन पानं झाली, मुद्दा कुठाय?’

पहिल्यांदा मला रडूच आलं. कार्यालयात माझ्या टिपणीला कोणी बोट लावत नसे. पण हळूहळू मी त्या शेऱ्यांची वाट बघायला लागले. सकाळी चहा ठेवायच्या आधी मेल उघडायची. जो माणूस ‘कोण म्हणतं?’ असं लिहितो, त्याने ते वाक्य वाचलेलं तरी असतं. त्या दिवसांत मी लिहिलेलं किंवा बोललेलं एवढ्या लक्षपूर्वक घेणारं दुसरं कोणी नव्हतं. एकदा एका प्रकरणातली पाच-सहा पानं काहीही शेरा न मारता परत आली. चांगली झाली असणार. मला मात्र दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

मग लोकांशी बोलायची पाळी आली. मी एक प्रश्नावली केली आणि पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर गेले. तिथले सभासद पेपर वाचत होते. मी विषय सांगितला, तसा एकाने पेपर खाली न करताच विचारलं, “सकाळी सकाळी? अंघोळ तरी करून येऊ द्यायचं.”

दुसरे म्हणाले, “आम्हाला घाई नाही बाई. तुमचा प्रबंध कधी द्यायचाय?”

पण नंतर बोलले. एकदा बोलायला लागले की थांबत नसत. कोणाच्या भावाचं झालं, कोणाच्या शेजाऱ्याचं. मी लिहून घेत होते. नाव कोणाचं लिहाल, या प्रश्नाला पुरुष पटकन उत्तर देत. “हिचं,” म्हणत, आणि त्यात विचारण्यासारखं काय आहे असं बघत. बायका थांबत. शेजारी नवरा बसलेला असला तर आधी त्याच्याकडे बघत, मग मुलाचं नाव घेत, मग म्हणत, “नको, मुलीचं लिहा.” एका बाईंनी मला हळूच सांगितलं, “यांना साधा ताप आला तरी यांचे हातपाय गळतात. माझ्या वेळी हे काय ठरवणार?” हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते प्रथमच मनापासून हसले. म्हणाले, “हे घ्या प्रबंधात. पण आकड्यांत मांडू नका, आपण एवढ्याशा लोकांशी बोललोय. निरीक्षण म्हणून घ्या.”

मग त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही स्वतः ही प्रश्नावली भरून पाहिलीत का?”

“नाही.”

“का नाही? दुसऱ्याला विचारायच्या आधी स्वतःवर करून बघायची असते. पद्धतीच्या प्रकरणात लिहावं लागेल तुम्हाला.”

त्या दिवशी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बसून माझीच प्रश्नावली भरायला घेतली. नाव, वय, शिक्षण. कृत्रिम श्वासयंत्र हवं का? नको. नळीने अन्न? नको. भराभर लिहीत गेले. मग तो प्रश्न आला. निर्णयासाठी आपण कोणाचं नाव लिहाल? त्याखाली मीच आखलेली एक ओळ.

मी पेन खाली ठेवलं. उठून गॅस पुसला. परत येऊन बसले. आईचं नाव डोक्यात आलं, ते किती वेडेपणाचं होतं! एकुलता भाऊ कधीच गेला होता. वहिनी तिच्या मुलीकडे बंगळूरला. शेजारच्या मुलीचं नाव मला माहीत होतं, आडनाव माहीत नव्हतं. कट्ट्यावरच्या इतक्या लोकांना मी हा प्रश्न विचारला होता, त्यांतले जे घुटमळले ते निवड करता येईना म्हणून घुटमळले होते. माझं तसं नव्हतं. मी एकटी आहे, हे मला आधीपासून माहीत होतं. पण ते राहण्याच्या पद्धतीसारखं माहीत होतं, जसं कोणी तिसऱ्या मजल्यावर राहतं तसं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा कागदावर दिसलं.

भावाचा मुलगा हडपसरला राहत होता, तिथेच एका आयटी कंपनीत होता. तिशीचा, सरळ मुलगा. दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला यायचा. मी फोन करून बोलावलं, तसा रविवारी बाइकवरून आला. मी थालीपीठ लावलं आणि विषय काढला.

“आत्या, नो टेन्शन, मी आहे ना,” तो म्हणाला. “माझं नाव टाक. आयडी वगैरे काही लागेल का?”

“अरे, आधी ऐकून तरी घे मला काय नको आहे ते.”

“हो, सांग ना.” एवढ्यात त्याचा फोन वाजला. टीममधल्या कोणाचं तरी काहीतरी बंद पडलं होतं. तो गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा थालीपीठ गार झालं होतं. ते त्याने तसंच खाल्लं, छान झालंय म्हणाला. “तू मला पीडीएफ पाठव, मी सही करून टाकतो. चिल. आणि असलं काही होत नाही गं तुला, यू आर फिट.”

तो गेल्यावर मी विचार केला. त्याने नाही म्हटलं नव्हतं, उलट चटकन हो म्हटलं होतं. पण ते ‘हो’ कुरिअरची पोच द्यावी तसं होतं. कशाला हो म्हटलं ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि मलाही पुढे सांगायचा धीर झाला नाही. त्या ओळीत मी त्याचं नाव लिहिलं नाही.

मग मला मैत्रीण आठवली. आठवली म्हणते, म्हणजे विसरले नव्हते. कार्यालयात आमची टेबलं शेजारी होती. जवळजवळ सगळी नोकरी आम्ही एकत्र डबा खाल्ला. तिच्या भाजीत तिखट जास्त, माझ्या आमटीत गूळ जास्त, यावर रोज वाद. तिचे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी क्वार्टर सोडून स्टेशनजवळ फ्लॅट घेतला होता. ती माझ्या आधी निवृत्त झाली. त्यानंतर आम्ही फोनवर बोलायचो, आधी आठवड्याने, मग महिन्याने, मग सणावारी. भांडण काही नाही. रोजचा डबा संपला, तशी रोजची गोष्टही संपली.

मी शिवाजीनगरहून लोकलने खडकीला गेले. एकच स्टेशन. इतकी वर्षं एवढंसं अंतर मला लांब का वाटत होतं, कोण जाणे.

दार तिनेच उघडलं. गुडघ्यांनी तिला पार आखडून टाकलं होतं. “अगं बाई,” ती म्हणाली, “वाट चुकलीस?” आणि माझा हात धरून आत नेलं तो बराच वेळ सोडलाच नाही. घरात नातवंडाचे कपडे वाळत होते, टीव्ही चालू होता, यजमान आतल्या खोलीत झोपले होते. तिने पोहे केले. नेहमीसारखे तिखट. मी नेहमीसारखी नावं ठेवली. मग तिला प्रबंधाचं सांगितलं.

“या वयात?” ती म्हणाली. “आणि विषय हा? तुला दुसरं काही मिळालं नाही?”

“सरांनी दिला.”

“सर केवढा आहे?”

“तुझ्या धाकट्याएवढा असेल.”

“मग त्याला काय कळतंय!” ती म्हणाली, पण ऐकत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती हुशारच होती. कार्यालयात नवं परिपत्रक आलं की मी वाचायची आणि तिला आधी कळायचं. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, “त्यात एका माणसाचं नाव लिहावं लागतं. मी तुझं लिहू का?”

तिने टीव्ही बंद केला. पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

“माझं नको लिहूस.”

मला वाटलं, तिला जबाबदारी नको आहे. घरचं एवढं सगळं, त्यात गुडघे. मी लगेच म्हणाले, “बरोबर आहे गं, तुला कसं जमणार, मी आपलं सहज...”

“सहज काय! ऐक,” ती म्हणाली. “तू तिथे पडलेली असशील आणि डॉक्टर मला विचारतील, तर मला ‘जाऊ दे’ म्हणता येणार नाही. मी त्यांच्या पाया पडीन. म्हणेन, ठेवा मशीनवर. हवी तितकी वर्षं ठेवा. तू काय वाट्टेल ते लिहून ठेव, मी तो कागद दाखवणारच नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे. तुला असं माणूस चालणार आहे का?”

आतल्या खोलीतून तिच्या यजमानांनी कोण आलंय म्हणून हाक मारली. ती चिडून म्हणाली, “कोणी नाही, झोपा तुम्ही!” आणि मग आम्ही दोघी एकदम हसलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

परतीच्या गाडीत मी उभीच राहिले, जागा होती तरी. आनंद झाला होता का? झाला होता. त्याच वेळी मी गेले होते त्यापेक्षा जास्त एकटी परत येत होते. जिला मी हवी होते तिचं नाव मला लिहिता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून मी चौथ्या प्रकरणात दोन पानं लिहिली. न्यायालय म्हणतं विश्वासातलं माणूस निवडा. पण विश्वास आणि माया या दोन गोष्टी नेहमी एका माणसात सापडत नाहीत. ज्याची माया जास्त, त्याला ‘थांबा’ म्हणता येत नाही. ज्याला ते सहज म्हणता येतं, त्याच्या हाती ते द्यावंसं वाटत नाही. आणि ज्यांच्याजवळ दोन्हीपैकी कोणीच नाही, त्यांचा विचार या नियमांत पुरेसा झालेला नाही. इंग्रजी भराभर सुचत होतं. पहिल्यांदाच ते मीच लिहिलंय असं वाटलं.

या वेळी सरांनी फाइल मेलवर परत पाठवली नाही. भेटायला बोलावलं. त्या दोन पानांच्या समासात एकच शेरा होता: ‘हे तुम्हाला कसं माहीत?’

“एका मुलाखतीतून,” मी म्हणाले.

“कोणाची? यादीत दिसत नाही.”

“माझी. म्हणजे, मी विचारलं होतं. माझ्यासाठी.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. घाईतला माणूस थांबला की खोली एकदम मोठी वाटते. ते बराच वेळ त्या पानांकडे बघत होते. मग म्हणाले, “मॅडम, सगळ्या प्रबंधात ही दोन पानं सर्वांत चांगली आहेत.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“ती काढावी लागतील.”

“का?”

“बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न विचारतील, हे संशोधन आहे की आत्मकथन? त्यावर तुम्हाला उत्तर देता येणार नाही. मलाही देता येणार नाही. यातला मुद्दा ठेवा. ज्यांना नाव लिहायला कोणी नाही, त्यांच्यासाठी काय सोय हवी, ते शिफारशींत घाला. बाकीचं काढा.”

मी त्यांच्यासमोरच ती दोन पानं काढली. बटण दाबायचं, एवढंच काम. मुद्दा पाच ओळींत शिफारशींच्या प्रकरणात गेला आणि तिथे तो इतर शिफारशींसारखाच दिसू लागला. निघताना सर म्हणाले, “पुढे कधीतरी दुसरीकडे लिहा ते.” मग, मी दारापाशी पोचल्यावर, “माझे आईवडील साताऱ्याला असतात. मी त्यांना हे विचारलेलं नाही.” आणि लगेच दुसऱ्या कोणाची तरी फाइल उघडली.

प्रबंध झाला. काळं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, आत सरांचं प्रमाणपत्र की हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्क बाई आल्या होत्या. त्यांनी पद्धतीबद्दल विचारलं, दोन निकालांतला फरक विचारला, आणि शेवटी शिफारशींतल्या त्या पाच ओळींवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा मुद्दा चांगला आहे. हा जरा वाढवायला हवा होता.” मी सरांकडे बघितलं नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. “हो मॅडम,” मी म्हणाले.

निकाल लागल्यावर पुतण्या पेढे घेऊन आला. त्याने तो काळा ग्रंथ उचलून वजन केल्यासारखं केलं, मग मधेच उघडला आणि उभ्या उभ्या वाचायला लागला. मी चहा ठेवला. चहा झाला तरी तो वाचतच होता. मग खुर्चीवर बसला. फोन खिशातच होता, एकदा वाजला, तो त्याने बंद केला.

“आत्या,” तो म्हणाला, “तू त्या दिवशी मला हे विचारत होतीस?”

“हो.”

“मला वाटलं, विम्याचं नॉमिनेशन वगैरे आहे.” त्याने ग्रंथ मिटून मांडीवर ठेवला. “बाबांच्या वेळी आईला डॉक्टरांनी बाजूला नेऊन काहीतरी विचारलं होतं. मी लहान होतो. काय विचारलं ते तिने कधीच सांगितलं नाही. हेच असेल ना?”

“असेल.”

“मग सांग तुला काय काय नको आहे. नीट सांग. नाही कळलं तर मी परत विचारीन.”

मी सांगितलं. त्याने खरोखरच परत परत विचारलं. काही प्रश्न बावळट होते, काही मला प्रबंध लिहितानाही सुचले नव्हते. समजा तुला ऐकू येत असेल तर? समजा डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस बघू, तर? मला उत्तर यायचं नाही तिथे आम्ही दोघेही थांबायचो. त्याच्या चेहऱ्यावर भाऊ दिसत होता. संध्याकाळ होईपर्यंत तो बसला होता. जाताना म्हणाला, “मला भीती वाटेल. पण मी करीन.” मी त्याचं नाव लिहिलं.

सह्यांच्या दिवशी मैत्रीण खडकीहून रिक्षाने, काठी टेकत नोटरीच्या ऑफिसात आली. “साक्षीदार म्हणून सही करते,” तिने आल्या आल्या बजावलं. “मी पाहिलं एवढंच तिथे लिहिलंय ना? मला पटलं असं कुठे लिहिलेलं नाही ना?” दुसरे साक्षीदार आमच्या तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी इमारत आजोबा म्हणते. त्यांनी तो मराठी कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. नोटरी घड्याळ बघत होते. वाचून झाल्यावर आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, “‘कृत्रीम’ दीर्घ कोणी केलं?” ते दुरुस्त करून, तिथे मी छोटी सही केल्यावरच त्यांनी आपली सही केली.

पुतण्याला कामावर जायचं होतं, तो गेला. आजोबा दळण आणायला गेले. आम्ही दोघी रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलो. तिने साबुदाणा वडा मागवला, त्यात तिखट नाही म्हणून कुरकुर केली. कागदाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. सुनेबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली, कार्यालयातल्या एका साहेबांबद्दल बोलली, जे टेबलाखाली चपला काढून बसत आणि बेल वाजली की त्यांना त्या सापडत नसत. आम्ही खूप हसलो. गर्दी वाढायला लागली तेव्हा मी तिला रिक्षात बसवलं. तिने काठी आत घेतली, म्हणाली, “पुढच्या रविवारी ये. पोह्यात तिखट कमी घालते,” आणि रिक्षा निघून गेली.

घरी आले तेव्हा ऊन अजून होतं. टेबलावर वाचायला काही नव्हतं, लिहायलाही नव्हतं. सवयीने मेल उघडली. बँकेचं काहीतरी, कॉलेजकडून पदवीदान समारंभाची सूचना. सरांकडून काही येण्याचं कारणच नव्हतं, त्यांचं काम संपलं होतं. तरी मी खालपर्यंत बघितलं. मग लॅपटॉप मिटला, गॅलरीतले कपडे काढले, आणि एका माणसाच्या मापाने तांदूळ धुवायला घेतले.